विहीर, व्हाळ आणि जंतू : वाचक विचारतात

पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रांचा, मेसेजचा नुसता पाऊस पडला. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, "आमचं पाणी चांगलं आहे का?" आता याला एका शब्दात काय सांगणार. पाणी कशाला हवंय ते आधी बघायला लागतं, प्यायला की त्यात उभं राहून लावणी करायला की पोरांना डुंबायला, आणि जंतू आत शिरणार कुठून, तोंडातून, कातडीतून की नाकातून. जे पाणी उकळून खुशाल पिता येईल त्याच पाण्यात फुटलेल्या टाचांनी दिवसभर उभं राहणं महागात पडू शकतं. खालची उत्तरं या हिशोबाने वाचा. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, तालुके तेवढे ठेवलेत.

संगमेश्वर तालुक्यातून एक ताई : लावणी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी माझ्या दिरांना ताप आला आणि लेप्टो निघाला. आता बरे आहेत, पण घरात कुणालाच उंदीर चावलेला नाही, मग झाला कसा? आणि सगळे गमबूट घाला म्हणतात, ते चिखलात रुतून बसतात, पाय तेवढा वर येतो. करायचं काय?

ताई, उंदीर चावायची गरजच नाही. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडून असतो, उंदराला त्याचा काही त्रास नाही, आणि त्याच्या लघवीतून तो महिनोन्महिने बाहेर पडत राहतो. गुरं, कुत्री, डुकरं यांच्याही लघवीतून येतो, त्यामुळे गोठ्याचं पाणी उतरून ज्या खाचरात जातं तिथे जास्त जपायचं. खाचरातलं पाणी गोडं, कोमट, संथ आणि खाली चिखल, याला अजून काय पाहिजे? अशा ओलीत तो काही आठवडे, कधीकधी महिनेसुद्धा तग धरतो. जमीन उन्हाने खडखडीत सुकली की लवकर मरतो आणि खाऱ्या पाण्यातही फार टिकत नाही. म्हणून लेप्टो हा मळ्यांचा, गटारांचा, पुराच्या पाण्याचा आजार. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा चिखल काढणाऱ्यांना लेप्टोपासून जपा असं सांगायला लागलं ते यामुळेच. आणि हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो या डॉक्टरांनी हा जंतू शोधला, आणि जपान म्हणजे आपल्यासारखाच भातशेतीचा देश.

शिरतो तो कातडीतल्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यात-तोंडात उडालेल्या पाण्यातून. आणि लावणीच्या दिवसांत आपल्याकडे कुणाचे पाय धड असतात? बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, टाचा फुटलेल्या, त्यात पाण्यात भिजून भिजून कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. त्या चिखल्या म्हणजे त्याला उघडं दार. म्हणून गमबुटाच्या आधी चिखल्यांचं बघा, त्या लावणीला उतरायच्या आधी औषध लावून बऱ्या करायच्या, लावणी चालू असताना नाही. गमबूट रुततात हे शंभर टक्के खरं आहे, ज्यांनी सल्ला दिला त्यांनी बहुतेक चिखलणी लांबूनच बघितली असणार. बूट जमत नसतील तर निदान जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी लावा, घरी आल्याआल्या साबणाने पाय धुवा, आणि पाय धुवायला पागोळीचं किंवा व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी नको, विहिरीचं किंवा नळाचं घ्या, मग बेचक्यासकट कोरडे पुसा. ज्याच्या पायाला मोठी जखम आहे त्याला त्या दिवशी चिखलात उतरवू नका, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी बांधावरून पोचवायचं काम द्या. आणि चिखलाच्या हातांनी बांधावर बसून भाकरी खायची नाही, हे सांगायला नको पण सांगतो.

आता मुख्य गोष्ट. पाण्यात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत एकदम सणकून ताप, डोकं, कंबर आणि खास करून पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. लावणीने अंग दुखतंय म्हणून लोक अंगावर काढतात आणि तिथेच घात होतो. डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा की मी लावणीला होतो. पहिल्या तीन-चार दिवसांत केलेली रक्ताची अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, टेस्ट निगेटिव्ह असली तरी लक्षणं बघून डॉक्टर औषध चालू करतात ते बरोबरच आहे, कारण हे जंतू साध्यासुध्या अँटिबायोटिकने मरतात, फक्त ती वेळेत पोटात गेली पाहिजेत. पुढच्या टप्प्यात डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, थुंकीतून रक्त येतं, आणि इथे आपल्याकडची एक जुनी सवय जीवावर बेतते, ती म्हणजे डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवायला घेऊन जायचं. लेप्टोच्या काविळीत गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. आरोग्य केंद्रातून लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात ते जोखमीच्या माणसांसाठी, ते त्यांच्याच सांगण्याने घ्या, गरोदर बाईने किंवा लहान पोरांनी शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही.

लांजा तालुक्यातून : आमच्या वाडीला वरच्या सड्याखालच्या (कातळी पठाराखालच्या) झऱ्याचं पाणी येतं. काचेसारखं स्वच्छ. आजोबा-पणजोबा तेच प्यायले. मुलीने हौसेने टेस्ट केलं तर रिपोर्टमध्ये कोलिफॉर्म आढळले, पिण्यास अयोग्य असं आलंय. आम्हाला तर काही होत नाही. रिपोर्ट चुकीचा असेल का?

रिपोर्ट चुकीचा असायची शक्यता कमी, पण त्याचा अर्थ समजून घ्या म्हणजे घाबरायलाही नको आणि झटकून टाकायलाही नको. पाण्यातले जंतू साधारण दोन प्रकारचे. काही चाकरमान्यांसारखे, बाहेरून येतात, चार दिवस राहतात आणि जातात, आणि काही इथलेच गाववाले, बाराही महिने त्याच पाण्यात. टायफॉइडचा जंतू, हगवणीचा शिगेला, ई. कोलाय ही पहिली जात. यांचं खरं घर पोटातल्या आतड्यात, पाण्यात ते वाढत नाहीत, हळूहळू मरतात. म्हणजे आज ते पाण्यात सापडले याचा अर्थ कुणाच्या तरी, माणसाच्या किंवा जनावराच्या, आतड्यातून ते नुकतेच तिथे आले. टायफॉइडचा तर फक्त माणसातच राहतो, त्यामुळे पाण्यात टायफॉइड म्हणजे वरच्या अंगाला कुणीतरी माणूस आहे हे नक्की.

लॅबवाले प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधत बसत नाहीत, परवडणारच नाही. ते कोलिफॉर्म आणि ई. कोलाय शोधतात, कारण शेणाचा, मैल्याचा शिरकाव झाला की हे हमखास असतात. नुसते कोलिफॉर्म मातीतून, पाल्यातूनही येतात. पण ई. कोलाय आला असेल तर विषयच संपला. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीमध्ये तो एकही असता कामा नये. तुमच्या रिपोर्टमध्ये ई. कोलायचा रकाना वेगळा असेल तो आधी बघा.

आजोबा-पणजोबांच्या वेळी वरच्या सड्यावर काय होतं? कातळ आणि गवत. आता काय आहे ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा, घरं झाली, होमस्टे झाले, प्रत्येकाचा शोषखड्डा आला, आणि आपला जांभा बाहेरून दगड दिसत असला तरी आतून भोकाभोकांचा, भेगांचा, त्यातून पाणी वाळूसारखं नीट गाळून येत नाही, फटीतून सरळ पळतं. विहिरीपासून संडासाचा खड्डा निदान १५ मीटर लांब असावा हा सर्वसाधारण नियम, पण जांभ्यात आणि तेसुद्धा खड्डा वरच्या अंगाला असेल तर १५ मीटरवर विसंबून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर रिपोर्ट सगळ्यात वाईट येतो तो यामुळेच, उन्हाळाभर वर साठलेलं सगळं एकदम खाली येतं.

आणि आम्हाला काही होत नाही याबद्दल म्हणाल तर रोज थोडंथोडं जाऊन मोठ्या माणसांना काही जंतूंची सवय होते हे खरं आहे, पण ती सवय गणपतीला आलेल्या नातवाला नसते. मे महिन्यात आणि गणपतीत पाहुण्यांच्या पोरांचीच पोटं का बिघडतात याचा जरा विचार करा, दर वेळी दोष मोदकांना देऊ नका. झऱ्याचं प्यायचं पाणी उकळा, चांगली खळखळून उकळी आली की पुरे, अर्धा तास गॅस जाळायला नको. आणि झऱ्याच्या वर चढून बघून या काय काय आहे ते.

गुहागर तालुक्यातून, वाडीच्या पाण्याचं काम बघणारे : मी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. टाकलं की बायका ओरडतात वास येतो म्हणून, नाही टाकलं की ग्रामपंचायत ओरडते. नक्की किती टाकायचं? मी दर वेळी एक वाटी टाकतो.

दादा, वाटीतच गडबड आहे. विहिरीतलं पाणी मे महिन्यात आणि जुलैत सारखं असतं का? हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा, आलेले घनमीटर, त्याचे हजारपट लिटर. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर, तर झालं साधारण २८ हजार लिटर. चांगल्या ताज्या पावडरचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. तीच विहीर मे अखेरीला १ मीटरवर येते तेव्हा १८ ग्रॅम पुरतात, आणि जुलैत ८ मीटर भरते तेव्हा १४० लागतात. तुमची एक वाटी मे महिन्यात नाकाला झोंबते आणि जुलैत, जेव्हा खरी गरज असते तेव्हा, कमी पडते. बायका उगाच ओरडत नाहीत.

आता टाकायची पद्धत. पावडर कोरडी भुरभुरवायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, चुना खाली बसतो. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका, जास्त लागत असेल तर दोनदा करा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, खालचा चुना टाकून द्या, तो विहिरीत ओतलात तर पाणी जड होतं. मग निवळीची बादली दोराने पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली, इकडेतिकडे हलवायची, म्हणजे सगळीकडे मिसळतं. हे रात्री, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर करा, सकाळपर्यंत काम होऊन जातं. निदान एक तास तरी त्या पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी ओटी टेस्ट (शिल्लक क्लोरीन बघायची रंगाची चाचणी) करा, पिवळा रंग आला पाहिजे आणि क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक दिसला पाहिजे. रंग आलाच नाही तर थोडी मात्रा वाढवून परत.

पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो आणि आपल्याकडची हवा कशी आहे ते सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गोणी तोंड उघडी टाकून पडलेली असते ना, ती टाकून काही उपयोग नाही, उरलेला तो चुना. आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या मातीतच खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचत नाही, आधी पाणी निवळू द्या.

मालवण तालुक्यातून : आमच्या बावीचा पाणी हल्ली तांबडा दिसाक लागला हा, वर तेलासारखो तवंग येता. शेजारी म्हणता कोणीतरी डिझेल ओतल्यान. ह्या पाणी पिवचा की नाय?

भांडायच्या आधी एक काडी घ्या. तवंगात काडी घालून जरा हलवा. तवंगाचे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे तरंगत राहिले तर ते लोखंड खाणारे जंतू, आणि काडी काढल्याकाढल्या तवंग परत जुळून एक झाला, इंद्रधनुष्याचे रंग फिरायला लागले, तर मग शेजाऱ्याचं खरं असू शकतं. जांभ्यात लोखंड भरपूर, ते पाण्यात उतरतं आणि हे जंतू त्याच्यावर जगतात, त्यांचाच तो तांबूस, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ. रोग करत नाहीत. पाण्याला लोखंडाची चव, कधी कुजका वास, कपड्यांवर डाग आणि पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये गाळ, एवढाच त्रास. पण बावीचा उपसा कमी झाला की ते वाढतात, त्यामुळे एकदा उपसून साफ करा, टीसीएल घाला. प्यायचं की नाही हे तवंगावरून ठरत नाही, त्याला ई. कोलायची टेस्टच लागते, ती करून घ्या. शेजाऱ्याशी मात्र आता बोलायला हरकत नाही.

महाड तालुक्यातून एक तरुण : चढणीचे मासे पकडताना काकांच्या हाताला काटा लागला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, हॉस्पिटलमध्ये चिरा देऊन पू काढायला लागला. काकांना शुगर आहे. हा विषारी मासा होता का?

काही माशांच्या काट्याला विष असतं, पण तुम्ही लिहिताय तसं चोवीस तासांत सूज वर चढत गेली, पू झाला, तर तिथे जंतूच बघायचा. हे वर म्हटले ते गाववाले. एरोमोनास नावाचा जंतू नदी, ओढा, तळं कुठल्याही गोड्या पाण्यात आणि माशांच्या अंगावर कायम असतो, पाणी कोमट असलं की जास्त. कुणाची घाण मिसळायची गरज नाही, त्यामुळे नदी कितीही स्वच्छ ठेवली तरी हा तिथे असणारच. एरवी काही करत नाही. पण काट्याबरोबर मांसात खोल गेला तर झपाट्याने पसरतो, आणि शुगर किंवा लिव्हरचा आजार असेल तर अजून झपाट्याने. एक महत्त्वाचं म्हणजे एरोमोनास अॅमॉक्सिसिलिनला सहसा दाद देत नाही, आणि आपण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणतो ते नेमकं तेच. काटा टोचला तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याखाली साबणाने खूप वेळ धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघा आणि सूज वर सरकायला लागली की रात्र काढू नका.

काकांना शुगर आहे म्हणून अजून एक नाव सांगून ठेवतो, मेलिऑइडोसिस. बऱ्याच डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई हा जंतू ओल्या मातीत आणि भातखाचरातल्या पाण्यात राहतो, पावसात वर येतो. १९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी कृष्णस्वामी यांना तो सापडला. आज आपल्या खालच्याच किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालच्या बाजूला, याचे पेशंट नेहमी दिसतात, तीच माती, तोच पाऊस, तेच भात, मग हद्द ओलांडून कोकणात तो नसेल असं समजायला काही कारण नाही. डायबेटिस असलेल्यांना जास्त होतो. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, फुफ्फुसात डाग दिसतो, लिव्हरमध्ये किंवा प्लीहेत पू होतो, आणि टीबी समजून टीबीची औषधं चालू होतात, गुण येत नाही. उपचार आहेत पण लांबलचक, आधी काही दिवस शिरेतून इंजेक्शनं आणि मग निदान तीन महिने गोळ्या. तेव्हा शुगर असलेल्या शेतकऱ्याचा टीबीच्या औषधाने न उतरणारा ताप असेल तर रक्ताचं किंवा पूचं कल्चर करा आणि हा जंतू मुद्दाम शोधा असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

पुण्याहून : आंबोलीला, मार्लेश्वरला धबधब्याखाली भिजतो. मेंदू खाणाऱ्या अमिबाची भीती वाटते. तो आपल्याकडे असतो का?

नेग्लेरिया हा जंतू बॅक्टेरिया नाही, अमिबा आहे, पण विचारलंत म्हणून सांगतो. त्याला कोमट, साठलेलं गोडं पाणी आवडतं, केरळमध्ये याचे पेशंट झालेत. पाणी प्यायल्याने होत नाही, नाकात जोराने वर गेलं तरच. कोसळत्या थंड धबधब्यापेक्षा उन्हाळ्यातल्या तापलेल्या डबक्यात सूर मारणं जास्त धोक्याचं. धबधब्यावर तुम्ही अमिबापेक्षा घसरून पडायची आणि वरच्या अंगाला लोक काय काय करून आलेत त्याची काळजी करा, तोंड उघडं ठेवून भिजू नका.

राजापूरहून एक आजी : आमच्या राजापूरच्या गंगेचं, अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्याचं, पाणी बाटलीत घालून देवघरात ठेवलंय, वर्षं झाली, वास नाही की किडा नाही. म्हणजे त्यात जंतू नाहीतच ना? नातसून बाळंत झाली, बाळाला चमचाभर देऊ म्हणते.

आजी, गंगा आली की चौदाही कुंडांवर केवढी गर्दी होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. इतकी माणसं ज्यात उतरतात ते पाणी भरतानाच जंतूंसकट भरलं जातं, मग ते कुठलंही असो. बाटलीत ते खराब का होत नाही, तर बूच घट्ट आणि आत जंतूंना खायला फारसं काही नाही, म्हणून वास येत नाही. वास नाही म्हणजे जंतू नाहीत असं होत नाही, टायफॉइडच्या जंतूलाही वास नसतो. तुम्ही तळहातावर तीर्थ म्हणून घेता त्याला मी कोण अडवणार. पण बाळाला नको. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय कुठलंच पाणी लागत नाही, उकळलेलंसुद्धा. गंगा बाळाच्या पाळण्यावर शिंपडा.

श्रीवर्धनहून : सासूबाई अजून पाणी चारपदरी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात भरतात. मुलं हसतात, घरात फिल्टर आहे म्हणतात. याचा काही उपयोग आहे का?

हसू नका म्हणावं. १८८४ साली रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यात होते तेव्हा पटकीची (कॉलऱ्याची) साथ लागलेल्या वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला होता, लोक तेच पाणी प्यायला, धुवायला, सगळ्याला वापरत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की हा जंतू खाडीच्या, नदीमुखाच्या पाण्यात बारीक बारीक पाणकिड्यांच्या अंगाला चिकटून राहतो, एका किड्यावर हजारोंनी. एकटा जंतू कुठल्याही कापडातून सहज निसटेल, पण किडा निसटत नाही. मग त्यांनी बांगलादेशात ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी घडी घालून त्यातून पाणी गाळायला सांगितलं, आणि त्या गावांत पटकी ४८ टक्के कमी झाली. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. साडी जुनीच हवी, कारण धुवून धुवून सुताचे पदर फुगून भोकं बारीक होतात, आणि घड्या निदान चार. फडकं रोज धुवून कडक वाळवायचं, पावसात ते वाळत नाही हा आपला प्रॉब्लेम आहेच, मग इस्त्री फिरवा.

तांब्याच्या स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले पटकीचे, हगवणीचे जंतू मरतात हेही लॅबमध्ये दिसलंय, पण रात्रभर म्हणजे सोळाएक तास, आणि हंडा आतून चिंचेने घासलेला पाहिजे. आपण संध्याकाळी भरतो आणि जेवताना पितो, तेवढ्यात काही होत नाही. थोडक्यात सासूबाईंचं चालू राहू दे, पण टायफॉइडचा जंतू एकटाच फिरतो, तो फडक्याला जुमानत नाही, म्हणून शेवटी उकळणं किंवा फिल्टर लागेलच. तुरटीचंही तसंच आहे, ती माती खाली बसवते, जंतू मारायचं काम तिचं नाही.

देवगडहून : पाणी टेस्ट करायला कुठे न्यायचं? मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेलं तर घेतलं नाही.

बरोबर केलं त्यांनी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणीच्या लॅब जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही उपविभागांतही आहेत, तिथे जाऊन जंतू तपासणीसाठी म्हणून वेगळी निर्जंतुक बाटली मागून घ्या. त्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते शिल्लक क्लोरीन निष्प्रभ करतं, म्हणून बाटली विसळायची नाही. तोंडाला, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. नळ असेल तर दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, काठोकाठ नको, वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, अगदीच नाही जमलं तर चोवीस तासांच्या आत. देवगडवरून एसटीने जाणार असाल तर पहिली गाडी धरा.

घाई असेल तर एचटूएस बाटली मागा, १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती आहे, आत औषधाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरून उबेत एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं तर पिऊ नका. आणि नमुना घ्यायचा तर पाऊस सुरू झाल्यावर घ्या, तोही विहिरीत टीसीएल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, तेव्हा सगळ्यांचेच रिपोर्ट चांगले येतात.